माझी बायको शिराज प्यायची

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही चार बाटल्या उघडल्या. चारही शिराज, म्हणजे तांबडी वाईन. एक नाशिकची, एक ऑस्ट्रेलियाची, एक फ्रान्सची आणि एक आमच्याच द्राक्षाची, सांगली जिल्ह्यातली. कुठली कुठली ते कळू नये म्हणून मी बाटल्यांना माझे लोकरीचे पायमोजे घातले होते. दोन जोड, चार बाटल्या. बरोबर बसले.

"पायमोजं धुतल्यालं हायत का?" बायकोनं विचारलं.

"हायत."

"मग ह्या दुसऱ्या ग्लासाला कसला वास येतोय?"

"फ्रान्सची आसंल ती."

"फ्रान्सात पाय धुवत न्हाईत व्हय?"

सरबताचे काचेचे ग्लास, त्यात दोन-दोन घोट. मधे कोरड्या भाकरीचा तुकडा, म्हणजे जीभ पुसून निघते. शेंगदाणे ती ठेवू द्यायची नाही. खारं खाल्लं की सगळ्याच बाटल्या बऱ्या लागतात, असं तिचं म्हणणं. मी एका ग्लासावर बोट ठेवून छातीठोक सांगितलं, ही आपली, बाकीच्या हिच्यापुढं पाणी. पायमोजा काढला तर नाशिकची. बायको पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं न बघता आमचा ग्लास पुढं सारला.

"ही आपली. पानचट. माल रंगावर आला की पानी तोडा म्हणून किती येळा सांगितलं."

"पानी तोडलं तर घड भरायचा कशानं?"

"तुमाला अजून खायच्याच द्राक्षाची सवं. फुगवायची आन वजनकाट्यावर टाकायची."

हे भांडण आमचं जुनं. ते त्या दिवशीही मिटलं नाही. तिनं बाटल्यांची बुचं लावली, ग्लास विसळून पालथे घातले आणि म्हणाली, उद्या मिरच्या वाळत घालायच्या हायत, लवकर उठवा. दुसऱ्या दिवशी दुपारी मिरच्या खाली-वर करताना ती अंगणात बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला हृदय बंद पडलं. त्याला दुसरं काही सांगायचं नव्हतं आणि मला विचारायचं नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही. पण माझ्या बायकोबद्दल गावात जे बोललं गेलं, त्याचं उत्तर तोंडी देऊन भागलं नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या भागात वाईनचे कारखाने निघाले तेव्हा मी अर्धा एकर शिराज लावली. लोक हसले. बारीक काळा मणी, आत बी, ना खायला गोड ना बेदाण्याला कामाचा. पहिल्या मालानंतर कारखान्यानं एक बाटली दिली. मी घोट घेतला आणि थुंकलो. शाई पिल्यासारखं वाटलं. बाटली उकिरड्यावर फेकायला निघालो तर बायको म्हणाली, "आना हिकडं." तिनं आधी वास घेतला. बराच वेळ घेतला. म्हणाली, "ह्येला काळ्या मिऱ्याचा वास येतोय. आन खाली जांभूळ हाय." मग प्याली. एक घोट. मग दुसरा. मी दारात उभा राहून बघत होतो. आमच्या घराण्यात बाईनं असलं कधी तोंडाला लावलेलं नाही, आणि हिनं अंगणात उभं राहून उजेडात लावलं.

तो कारखाना पुढं बंद पडला. आता आमचा माल एक लहान कारखानदार नेतो आणि वर्षाला थोड्या बाटल्या देतो. बायकोनं एकदा विचारलं, "दुसरीकडं ह्येच द्राक्ष कसं लागत आसंल?" तिथून सुरुवात झाली. आमचा एकुलता एक पोरगा पुण्यात कंपनीत आहे, कामानं बाहेर देशी जातो. ती फोनवर त्याला सांगायची, साडी आणू नको, शिराज आण. फ्रान्सच्या बाटलीवर सिरा लिहिलेलं असतं, पण द्राक्ष तेच. मी म्हणालो, ही फसवणूक झाली. ती म्हणाली, "फसवणूक कसली? माझं म्हायारचं नाव येक, तुमी ठेवल्यालं येक. मी बदलली का?"

ऑस्ट्रेलियाची तिला आवडायची नाही. "लग्नातला बँड हाय. कानात बसतो, पर गानं कुटलं त्ये कळत न्हाई." नाशिकची गुळमट, पण पोटाला बरी. फ्रान्सची पिताना ती गप्प व्हायची. पावसाळ्यात ओल्या जळणानं चूल धुपते, त्या धुराचा वास तिला त्यात सापडायचा. आमची सगळ्यात शेवटी. माझं तोंड बघूनसुद्धा तिनं आमच्या बाटलीला कधी वर चढवलं नाही. मला राग यायचा. आजही येतो. पण तिनं खोटा मान दिला नाही, हे मला मोठं वाटतं.

महिन्यातून एखादा रविवार, दोघांत मिळून ग्लासभरसुद्धा नाही. हे मी का सांगतोय? कारण तिला अग्नी देऊन आलो त्याच दिवशी तिचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा, ओसरीवर बसून लोकांना म्हणाला, "दाजीनं पाजून पाजून माझी भन घालवली."

मेव्हणा शिराळ्याकडचा. गळ्यात माळ, मनानं वाईट नाही. बहिणीवर त्याचा जीव होता. पण त्याला कुणाला तरी धरायचं होतं, आणि मी समोर होतो.

पोराला लाज वाटली असावी. भेटायला माणसं यायला लागली तसं त्यानं फळीवरच्या बाटल्या पोत्यात भरून खताच्या खोलीत नेऊन ठेवल्या. मी विचारलं, "कशाला?"

"आण्णा, लोक येताहेत. आईबद्दल काहीबाही बोलतील."

"आईनं चोरी केलीया?"

"तसं नाही हो."

"मग आन माघारी."

त्यानं आणल्या नाहीत. मी आणल्या. पोतं खांद्यावर घेऊन सगळ्या माणसांमधून गेलो आणि बाटल्या होत्या तिथं, तिच्या मसाल्याच्या डब्यांशेजारी, फळीवर लावल्या. मेव्हण्यानं पाणी पिणं सोडलं आमच्या घरचं. शेजारून तांब्या मागवायचा.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर गेलो. डोकं भादरून घेतलं. पोरानं विधी केले, पिंड ठेवला. शेजारी पत्रावळीवर तिच्या आवडीचं: भाकरी, भरलं वांगं, दह्याची कवडी, गूळ. समोरच्या झाडावर कावळे होते. रग्गड होते. एकही खाली येईना.

कावळा शिवला नाही की माणूस मागं इच्छा ठेवून गेलं असं धरतात. मग एकेकानं पुढं होऊन तिला शब्द द्यायचा. पोरगा म्हणाला, "आई, आण्णांना सांभाळीन." कावळा नाही. भावकीतला एकजण म्हणाला, "वैनी, नातवाचं शिक्षण करू." कावळा नाही. ऊन चढलं. माणसं घड्याळं बघायला लागली.

मेव्हणा उठला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, आता तुमीच बोला. म्हना, आजपास्नं वाईन बंद. शिराजची बाग काडून टाकतो. बगा कावळा येतोय का न्हाई."

सगळी टकुरी माझ्याकडं वळली.

"म्हननार न्हाई," मी म्हणालो.

"आवं, तिच्या जिवाला शांती—"

"पाव्हणं, तुमच्या भनीला मी पाजली न्हाई. तिनं मागून घेतली. शुद्धीत, उजेडात, वास घेऊन, चव सांगून. मी आज बंद करतो म्हनलो तर त्येचा अर्थ काय हुतो? ती वाईट करत हुती आन मी करवत हुतो. त्ये खोटं हाय. खोटं मी हितं बोलनार न्हाई."

"येका शब्दानं काय जातंय तुमचं?"

"तिचं जातंय."

तेवढ्यात मागच्या बायांतून माझी चुलती बोलली. कानानं बहिरी, त्यामुळं हळू बोलणं तिला जमत नाही. "मलाबी दिली हुती की तिनं. फ्रान्साची. पोट लय बरं ऱ्हायलं हुतं." भावकीतल्या दोन सुना तोंडात पदर कोंबून खाली बघायला लागल्या. मग मला कळलं की घोट घेणारी चुलती एकटी नव्हती. मेव्हण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. कोण हसलं ते मी सांगत नाही, पण घाटावर हसलं गेलं, आणि तिला ते चाललं असतं.

कावळा मात्र आला नाही. मी कठोर बोललो म्हणून मला काही वाटत नव्हतं असं कुणी समजू नये. मी त्या झाडाकडंच बघत होतो. एक कावळा फांदीवर पुढं सरकला तेव्हा वाटलं, ये की. शब्द नको मागू, नुसती ये. तो परत मागं सरकला. तिची कुठली इच्छा राहिली हे मला माहीत नाही. इतकी वर्षं एका घरात काढून माहीत नाही. पण माहीत असल्याचं सोंग करून तिच्या नावावर दुसऱ्याची इच्छा मी खपवणार नव्हतो.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. तशी सोय शास्त्रात आहे म्हणाले. भावकी उठली. घरी येताना माझ्याबरोबर कुणी चाललं नाही. पोरगासुद्धा मामाला गाडीवर घेऊन पुढं गेला. रात्री जेवताना मेव्हणा भिंतीकडं तोंड करून बसला आणि म्हणाला, "भन तशीच अडकून ऱ्हायली." मी भाकरी चुरत होतो. चुरतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर नेसलो, भादरलेल्या डोक्यावर टोपी घातली आणि पहिल्या एसटीनं सांगलीला गेलो. दारूचं दुकान उघडलं नव्हतं. पायरीवर बसलो. शटर वर गेलं तसं आतल्या माणसानं माझं डोकं बघितलं, कपडे बघितले आणि न विचारताच क्वार्टर पुढं सरकवली.

"ही नको. शिराज दे."

"काय?"

"शिराज. तांबडी वाईन. नाशिकची नको, ती झालीया. दुसरीकडची काय हाय?"

त्यानं वरच्या फळीवरून एक उतरवली. धूळ पुसली. विजापूरकडची होती. म्हणजे आमच्यापासून तशी जवळ, पण आम्ही दोघांनी तिकडची कधी बघितली नव्हती. मी घेतली. त्यानं सवयीनं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि काळ्या पिशवीत घातली.

"पिशवी काड. कागुदबी काड."

"आजोबा, लोक बघत्यात."

"बगू दे."

स्टँडवर हळदीच्या बाजाराला आलेली माणसं होती, कॉलेजची पोरं होती. मी बाटली हातात धरून त्यांच्यामधून गेलो. एसटीत मांडीवर ठेवली. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "आजोबा, झाका की वो ती."

"का? गळत न्हाई."

शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाला नेताय. मी सांगितलं, घरात. तिनं माझ्या डोक्याकडं बघितलं आणि पुढं विचारलं नाही. खिडकीतून वारा लय लागत होता. नुकतं भादरलेलं डोकं गार पडलं, मी टोपी खाली ओढली.

फाट्यावर उतरलो. तिथून माझ्या घराला दोन वाटा. एक ओढ्याच्या कडेनं, जवळची, तिथं कुणी भेटत नाही. दुसरी सगळ्या भावकीच्या दारांवरून जाते आणि आमच्या ओसरीसमोर निघते, जिथं मेव्हणा बसलेला असणार.

मी दारांवरून गेलो.