शेरे वाचणारी हर्षदा

परीक्षकांचे शेरे हर्षदाला बसून ऐकता येत नसत. जुईनगरला आमच्या घरी ती पहिल्यांदा आली, तेव्हा चहाचा कप हातात घेऊन हॉलभर येरझाऱ्या घालत होती. आई म्हणाली, "अगं, बस ना." "हो काकू," म्हणत ती स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आली.

आम्ही दोघी बेलापूरला एकाच ऑफिसात होतो आणि दोघींनाही तालाच्या गेमचं वेड होतं. मोबाइलवर गाणं वाजतं, त्याच्या ठेक्यावर वरून खुणा येत राहतात, त्या तळाच्या रेघेवर पोचल्या की बोट मारायचं. कुठल्या क्षणी कुठली खूण यावी, याची मांडणी म्हणजे चार्ट. आमच्यासारख्या हौशी मंडळींचा एक ऑनलाइन ग्रुप चार्टची स्पर्धा घ्यायचा. मी नुकताच भाग घेतला होता आणि शेरे वाचून माझं डोकं फिरलं होतं. एका परीक्षकाने लिहिलं होतं, 'फार गर्दी.' दुसऱ्याने त्याच कडव्याबद्दल लिहिलं होतं, 'रिकामं वाटतं.'

"दोघांतला एक तरी वेडा आहे," मी म्हणाले.

"जज काय बोलला ते सोड. त्याचा हात कुठे अडकला ते बघ," हर्षदा म्हणाली. तिने उभ्याउभ्याच माझा चार्ट खेळून पाहिला, पुन्हा पाहिला. "हे बघ. इथे कान गाणारीच्या मागे जातो आणि तू खुणा दिल्यास ढोलकीच्या. बोटांना गर्दी, कानाला काहीच नाय. दोघं एकच बोलतायत."

पुढे ग्रुपमधला जो तो आपले शेरे तिलाच पाठवू लागला. तिचा स्वतःचा चार्ट मात्र नव्हता. "मनासारखं गाणं मिळू दे," म्हणायची.

ते मिळालं घरातच. हर्षदा बेलापूरजवळच्या दिवाळे या कोळीवाड्यातली. तिची आत्या तिथे मासळी विकते आणि गावातल्या हळदींना गाते. आत्याचं एक गाणं रेकॉर्ड करून हर्षदाने त्यावर चार्ट केला आणि स्पर्धेला पाठवला. शेरा आला, 'ताल सैल. आधी मोजणी पक्की करा.' निकालाआधी एकदा सुधारून पाठवायची मुभा होती.

"आत्या काय मशीन हाय काय?" हर्षदा भडकली. परीक्षकाला उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी कॉम्प्युटरवर तिने आत्याचा आवाज ओढूनताणून ठेक्यात बसवला आणि मला घेऊन तो ऐकवायला दिवाळ्याला गेली. आत्याने फोन कानाला लावून सगळं ऐकलं.

"बरी गाते. कोन गो ही बाय?"

हर्षदाचा चेहराच उतरला. ती जेट्टीकडे झपाझप चालत सुटली, मी मागोमाग. "आता तू सांग," ती म्हणाली, "जजचा हात कुठे अडकला असेल?" असं तिने कुणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मूळ गाण्यावरचा चार्ट खेळून पाहिला.

"आत्या श्वास घेते तिथे. तिथेही तू खूण दिलीयस."

"म्हणजे तिला मी श्वासच घेऊ नाय दिला."

तिने आत्याचा मूळ आवाज परत ठेवला, श्वासाच्या जागच्या सगळ्या खुणा काढल्या आणि चार्ट पाठवून दिला. बक्षीस मिळालं नाही. पण त्याच परीक्षकाचा नवा शेरा होता, 'ताल अजून सैल आहे. पण गाणारी श्वास घेते तिथे माझाही हात आपोआप थांबला. या बाईंची आणखी गाणी आहेत का?'

वर्षभरात हर्षदा नोकरीसाठी बंगळूरला गेली. मला ती आठवते ती त्या शेऱ्यानंतरच्या सकाळची. रेकॉर्डिंगचं सामान घेऊन आम्ही दोघी आत्याच्या मासळीच्या पाटीसमोर उभ्या होतो.

"गानी हायत गो," आत्या म्हणाली, "पन आदी मावरं इकू दे."

पाटी अजून भरलेली होती, गिऱ्हाईक तुरळक. हर्षदाने रस्त्याच्या या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं. मग सामान माझ्या हातात कोंबलं, ओढणी कमरेला खोचली आणि आत्याच्या शेजारी उभी राहून ओरडायला लागली, "या ताई, या! कोळंबी बघा, आत्ताच बोटीतनं उतरलीय!"