फिजिक्स : ओके

मंगेशभाऊंनी तो डेमो तिसऱ्यांदा लावायला सांगितला. स्क्रीनवर एक कापडी झेंडा होता. आधी ‘कार्ड बंद’. झेंडा अडखळत हलला, फाटताना चित्र मध्येच थांबलं. मग ‘कार्ड चालू’. झेंडा सुतासुतानं फाटला, चिंध्या उडून भिंतीवर आपटल्या, एकही झटका नाही.

“ताई, माह्या गेममधी बी असंच दिसन ना?” त्यांनी मला विचारलं.

मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते. गिऱ्हाइकांशी बोलणं मला जमत नाही, हे दुकानात सगळ्यांना माहीत आहे. उत्तर मालकांनी दिलं.

“याच्याहून भारी दिसन, भाऊ. दीदी सोता टेस्ट करते. शीटवर ओके लिहून सही देते. मंग तुमाले काय टेन्शन?”

मंगेशभाऊ माझ्याकडे बघून हसले. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, हे मलाही ठरवता आलं नसतं. त्यांनी हो धरलं.

आमचं दुकान रायपूरच्या बुढापारा भागात आहे. गिऱ्हाइकाच्या बजेटमध्ये गेमिंगचे पीसी जोडून देतो. खाली काउंटर, वर माझं टेबल. मालक गिरीशभैया. त्यांचे आजोबा नागपूरहून रेल्वेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. मी जोडणी आणि टेस्टिंग करते. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, घरात मराठी, दुकानात अर्धी हिंदी. तिन्ही भाषांत मी गप्पच असते.

मंगेशभाऊ भनपुरीला राहतात आणि सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतात. ड्यूटीवरून आल्यावर दोन तास ट्रक चालवायचा गेम खेळणं, ही त्यांची एकच हौस. वर्षभर पैसे बाजूला टाकून ते पहिला स्वतःचा पीसी घेत होते. त्यांच्या पहिल्या कोटेशनमध्ये एक चांगलं ग्राफिक्स कार्ड होतं. डेमो बघितल्यावर गिरीशभैयांनी ते खोडलं. त्याजागी एक पायरी हलकं कार्ड लिहिलं आणि खाली नवी ओळ घातली : फिजिक्स ॲक्सेलरेटर.

गेममधलं फिजिक्स म्हणजे काय, ते सांगते. ट्रक भिंतीला धडकला तर विटा कुठे उडतील, कापड कसं लोंबेल, धूर कसा पसरेल, याचं गणित पीसीला क्षणाक्षणाला करावं लागतं. एकेकाळी या गणितासाठी वेगळं कार्ड विकत मिळायचं. पुढे ते काम ग्राफिक्स कार्डच करू लागलं. आताच्या बहुतेक गेममध्ये तर प्रोसेसरच ते उरकतो. वेगळ्या कार्डाचा उपयोग उरलाय तो मोजक्या जुन्या गेमपुरता, आणि तोही ठराविक मशीनवर.

आमच्याकडची ‘फिजिक्स कार्डं’ म्हणजे एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेली जुनी, छोटी ग्राफिक्स कार्डं. त्यांच्यावर चंदेरी स्टिकर चिकटवलेला. हे मला माहीत होतं. फायदा थोडा होत असेल, नुकसान तर नाही, असं मी धरून चालले होते. मंगेशभाऊंच्या आधी अशी अकरा मशीन गेली होती. अकरा शीटवर ‘फिजिक्स : ओके’ लिहून मी सही केली होती. माझ्या लेखी ओकेचा अर्थ, कार्ड लावलं आणि पीसीनं ते ओळखलं. गिऱ्हाईक त्याचा काय अर्थ लावत असेल, याचा विचार मी केला नव्हता.

मंगेशभाऊंनी जाताना एक वेगळी गोष्ट केली. आपल्या गेमचं नाव कागदावर लिहून माझ्या हातात दिलं. “ताई, हाच लावून पायजा. मी दुसरं काही खेळतच नाही.”

आमच्या टेस्टमध्ये गिऱ्हाइकाचा गेम लावायची पद्धत नाही. दुकानाचे ठरलेले प्रोग्रॅम लावायचे, शीट भरायची. पण कागद हातात होता. पीसी जोडून झाल्यावर मी तो गेम लावला.

फिजिक्स कार्डासह सेकंदाला बासष्ट चित्रं येत होती. सेकंदाला जितकी चित्रं जास्त, तितका गेम सुरळीत चालतो. फिजिक्स कार्ड काढलं. एकाहत्तर. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. कार्ड परत लावलं. बासष्ट. परत काढलं. एकाहत्तर.

कारण समोरच दिसत होतं. कॅबिनेट लहान, बाहेर मे महिना. दुसरं कार्ड मुख्य कार्डाच्या पंख्यांना अगदी खेटून बसत होतं. मुख्य कार्डाला हवा मिळत नव्हती. ते तापायचं आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करायचं. त्या गेमला फिजिक्स कार्डाचं काहीच काम नव्हतं. ते फक्त वाट अडवून बसलं होतं.

मग खालचा डेमो? त्यात तर फरक डोळ्यांना दिसत होता.

गिरीशभैया जेवायला गेल्यावर मी खाली गेले आणि डेमोच्या पीसीची सेटिंग उघडली. फिजिक्सचं गणित कोणी करायचं, हे निवडायची तिथे एक यादी असते. ‘कार्ड बंद’ असताना गणित मुद्दाम प्रोसेसरवर टाकलेलं होतं. त्या डेमोसाठी तो सगळ्यात संथ मार्ग. मी यादीत मुख्य ग्राफिक्स कार्ड निवडलं. झेंडा तसाच सुतासुतानं फाटला. फिजिक्स कार्डाशिवाय.

मी तिथेच स्टुलावर बसले. गिऱ्हाइकाला दाखवत होतो तो फरक कार्डाचा नव्हताच. मशीनला आधी मुद्दाम लंगडं केलं होतं आणि मग कुबडी विकली होती. त्या कुबडीवर माझी सही होती. एकदा नाही, अकरा वेळा.

गिरीशभैया आल्यावर मी आकड्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. बोलताना माझा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला.

“भैया, यानं त्यांचा गेम हळू चालतोय. आणि डेमोची सेटिंग...”

“मालूम है.” त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. “श्रुती, डेमो हा डेमो राहते. साडीच्या दुकानात लाइट काहून लावते मंग?”

“साडी घरी नेल्यावर फाटत नाही.”

“नऊ चित्रानं काय फाटून राहिलं? त्याले समजन बी नाही. खुश हाय तो. त्याले खुश राहू दे ना.”

“त्यांचं चांगलं कार्ड कापून हे दिलंय.”

“तू इंग्लिश मीडियमवाली. तुले सगळं किताबात दिसते. मले दुकान चालवाचं हाय.” मग आवाज मऊ करून ते म्हणाले, “शीट भर. रविवारी डिलिव्हरी हाय. फिजिक्स ओके, नीचे साइन. हव?”

मी हव म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. जिना चढून वर आले. भांडता येत नाही अशा माणसाचा राग बाहेर पडायला जागाच शोधत नाही, आतच फिरत राहतो. ‘त्याले समजन बी नाही.’ हेच वाक्य डोक्यातून जाईना. जो माणूस दिवसभर लोकांच्या डोक्यावरून कित्येक टन लोखंड नेतो आणि जाग्यावर नीट ठेवतो, त्याला समजणार नाही, हे ठरवलं कोणी? आणि समजणार नाही म्हणूनच तर माझी सही हवी होती. मी कमी बोलते, म्हणून लोकांना मी खोटं बोलणार नाही असं वाटतं. माझ्या गप्प बसण्याचाच धंदा झाला होता.

आमच्या दुकानात डिलिव्हरीचा एक रिवाज आहे. पीसी काउंटरवर ठेवतात, कॅबिनेटला कुंकू लावतात, समोर पेढ्यांचा डबा. मग गिरीशभैया माझी शीट हातात घेऊन एकेक ओळ मोठ्यानं वाचतात. प्रत्येक ओकेवर गिऱ्हाईक मान डोलावतं. शेवटी गिऱ्हाइकानं बटण दाबायचं. ती शीट ते आधी कधीच वाचत नाहीत. कधी गरजच पडली नव्हती.

शनिवारी मी शीट भरली.

रविवारी मंगेशभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोबत त्यांची बायको, सुनंदाताई. गिरीशभैयांनी शीट उचलली.

“प्रोसेसर, ओके. रॅम, ओके. ग्राफिक्स, ओके. फिजिक्स, कार्डासह बासष्ट, कार्डाशिवाय एका...”

ते थांबले.

“एका काय?” मंगेशभाऊंनी विचारलं.

“काही नाही. दीदीनं रफ लिहिलं.” त्यांनी कागदाची घडी घातली.

“एकाहत्तर,” मी म्हणाले.

दुकानातला कूलर घरघरत होता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मंगेशभाऊंनी हात पुढे केला. गिरीशभैयांनी क्षणभर वाट बघितली आणि शीट दिली. मंगेशभाऊंनी ती सावकाश वाचली. “ताई, मंजे हे काढलं तं गाडी जास्त पळते?”

“हो. तुमच्या गेममध्ये.”

“आन लावलं तं?”

“गरम होते. आवाज करते.”

“दीदी, बस हुआ,” गिरीशभैया म्हणाले. “भाऊ, हे कार्ड फ्यूचरसाठी राहते. पुढचे गेम...”

“पुढचे नाही, मागचे,” मी म्हणाले. “काही जुने गेम आहेत, त्यांना उपयोग होतो. तुम्ही ते खेळत नाही.”

एवढं सलग मी त्या काउंटरवर कधीच बोलले नव्हते.

“लावून दाखवा,” सुनंदाताई म्हणाल्या. आत्तापर्यंत त्या काहीच बोलल्या नव्हत्या. “दोन्ही.”

मी दोन्ही दाखवलं. कुंकू लावलेलं कॅबिनेट उघडून, कार्ड काढून, परत लावून. वीस मिनिटं गेली. कोणी पेढ्याला हात लावला नाही. मंगेशभाऊ स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा बघत होते. शेवटी ते गिरीशभैयांकडे वळले. आवाज चढवला नाही.

“आमच्या क्रेनले एक हूक जास्त लटकवला तं वजन जास्त नाही उचलत, भैया. त्या हूकचंच वजन वाढते. हे तुमाले माहीत होतं का नाही, तेवढं सांगा.”

पहिल्या कोटेशनमधलं कार्ड कपाटातून काढून गिरीशभैयांनी माझ्यापुढे ठेवलं. “लावून दे,” एवढंच म्हणाले. मी लावून दिलं. नव्या शीटवर आकडा लिहिला, चौऱ्याण्णव. सही केली. मंगेशभाऊंनी ती स्वतः मोठ्यानं वाचली आणि बटण दाबलं.

ते गेल्यावर गिरीशभैया म्हणाले, “दुकान तुह्यामुळं बंद पडलं तं तुले नोकरी कोण देईन?” मी कॅबिनेटचे रिकामे खोके आवरले.

अकरा जणांना फोन करणं माझ्यानं झालं नसतं. मी मेसेज लिहिले. कार्ड काढून बघा, गेम चांगला चालला तर काढूनच ठेवा, शीटवरची सही माझी होती, चूकही माझी. सात जणांचं उत्तर आलं. पाच जणांनी कार्ड काढलं. एकानं मला शिव्या दिल्या, त्या रास्त होत्या. एकानं लिहिलं की तो तेच जुने गेम खेळतो, त्यात कार्डाचा फरक पडतो, कृपया काढायला सांगू नका. त्याच्या मशीनची माहिती मी तपासली. त्याचं खरं होतं.

मला दुकानातून काढलं नाही. जोडणीला दुसरं माणूस नाही, हे त्याचं कारण. डेमोचा पीसी अजून काउंटरवर आहे. झेंडा फाटतो, फक्त आता ‘कार्ड बंद’चं बटण चालत नाही. उरलेली कार्डं माझ्या टेबलाखाली पडून आहेत. उन्हाळ्यात त्यांचे चंदेरी स्टिकर आपोआप सुटतात.

पीसी घ्यायला याल तर दुकानाचा डेमो बघू नका. आपला गेम सोबत आणा आणि तो लावायला सांगा. वेगळं फिजिक्स कार्ड कोणी दाखवलं तर आपण कोणता गेम खेळतो, हे आधी सांगा आणि समोरचा काय बोलतो ते ऐका.

गिरीशभैया डिलिव्हरीच्या वेळी आता शीट मोठ्यानं वाचत नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातात देतात.