तळ्यात ढकललेला गाडा

लोक मला विचारतात, "एवढे शिकलेले डॉक्टर तुम्ही, रोगी सोडून जंतूंच्या मागे का लागलात?" हौस नव्हे हो! डोकं भडकलं होतं माझं, आणि ते अजून पुरतं थंड झालेलं नाही.

मुंबईत डॉक्टरी शिकून मी नुकताच कल्याणच्या दवाखान्यात लागलो होतो. त्या उन्हाळ्यात डोंबिवलीच्या वाटेवरच्या आमच्या गावात पटकी शिरली. जुलाब-उलट्यांनी माणसं पटापट मरू लागली, म्हणून मी सुटी काढून गावी आलो. गावानं नेहमीचा उपाय काढला: जरीमरीचा गाडा. मेलेल्यांची लुगडी-धोतरं गाड्यावर बांधायची, देवीला कोंबडं द्यायचं आणि गाडा ढकलत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेत सोडून यायचं. म्हणजे रोग त्यांचा झाला. वा रे धर्म! त्याच शेजारच्या गावात माझी आक्का दिलेली होती. मी गाड्यामागे धावत सुटलो.

शिवेवर ते लोक काठ्या-कोयते घेऊन उभेच होते. गुरं बरी अशी मारामारी झाली. एकाचा कान तुटून लोंबत होता, एकाचं डोकं माझ्यासमोर फुटलं. शेवटी आमचे पळाले. तेव्हा त्या लोकांनी संतापाच्या भरात गाडा बाजूच्या तळ्यात ढकलला. त्यांच्याच पिण्याच्या तळ्यात!

"मूर्खांनो, आता ते पाणी पिऊ नका!" मी ओरडलो.

"तू त्यांचाच ना रे? मरी आणलीस, वर आमचं पाणी तोडतोस?" असं म्हणून काठ्या माझ्यावर वळल्या. दात पडले, डावा हात मोडला. आक्का येऊन अंगावर पडली म्हणून वाचलो.

तिच्याच घरी मी पडून होतो. दुसऱ्या दिवशी तिनं तळ्याचं पाणी माझ्या तोंडाला लावलं. मी तांब्या उडवला.

"आक्का, उकळल्याशिवाय पिऊ नकोस गं!"

"अरे, सगळं गाव पितंय!" ती माझ्यासमोर घटाघटा प्यायली आणि हसली. "बघ, मेले का?" मला इतका राग आला की मी तिच्याशी बोललोच नाही.

पुढे तिला पटकी लागली. डोळे खोल गेले, पायांत गोळे येऊन ती किंचाळत होती. "पाणी दे रे मेल्या, पाणी!" मी एका हातानं चूल पेटवून पाणी उकळत ठेवलं आणि तळ्याच्या पाण्याच्या हंड्यापुढे आडवा उभा राहिलो. भावोजी तांब्या घेऊन पुढे आले, त्यांना लाथ घातली. आक्कानं आधी शिव्या दिल्या, मग हात जोडले. पाणी उकळलं, पण निवेना. परातीत ओतून मी फुंकर घालत होतो, तेवढ्यात तिचा आवाज थांबला.

भावोजींनी मानगूट धरून मला भिंतीवर आपटलं. "रोग तिला लागलेलाच होता. मग एक घोट दिला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी दवाखाना सोडून प्रयोगशाळेत शिरलो, पटकीचे जंतू भिंगाखाली पाहत म्हातारा झालो. उत्तर केव्हाच मिळालं.

काही बिघडलं नसतं.