जगूच्या छत्र्या आणि आमचे चार माड

जगू माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे कधी बघत नसे. माझ्या खांद्यावरून, माडांच्या शेंड्यांवरून, दक्षिणेला कुठेतरी वर बघत बोलायचा. नवख्या माणसाला वाटायचं, हा गर्विष्ठ तरी आहे किंवा याच्या डोळ्यांत काहीतरी दोष आहे. दोन्ही नव्हतं. वाडीवाला माणूस बोलता बोलता पाटाच्या पाण्याकडे लक्ष ठेवतो, तसं जगू आभाळाकडे ठेवायचा. त्याचं पोटपाणी त्या बाजूला होतं.

तो माझा चुलत दीर. मी लग्न होऊन नंदाखालला आले तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता, म्हणून मी त्याला शेवटपर्यंत अरे-तुरे केलं. तो मला वहिनी म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गेला. काविळीचं निमित्त झालं. दहाव्याला लोकांनी त्याच्याबद्दल चांगलं चांगलं बोलून घेतलं. मेलेल्या माणसाबद्दल लोक तसंच बोलतात. मी जे पाहिलं ते लिहिते.

जगूचा धंदा केबलचा. बापाच्या पश्चात वाटणीत आमच्या वाडीला लागून असलेली वाडी त्याच्याकडे आली. केळी, पानवेल आणि बांधाने माडांच्या रांगा. बाकीचे भाऊबंद केळीचे घड विकत राहिले. जगूने गोठा रिकामा केला, त्यात यंत्रं मांडली आणि वाडीत भली मोठी जाळीची छत्री उभी केली. लग्नातल्या कढईपेक्षा मोठी, दोन माणसं आत आडवी होतील एवढी. आळीतले लोक बांधावर उभे राहून हसायचे. कोणी म्हणालं, "जगू, छत्री उलटी धरलीस रे, पाणी भरेल." जगू म्हणाला, "पाणी नाही, चित्र भरतंय."

आणि खरंच भरलं. वर उपग्रह असतो, तो कार्यक्रम खाली पाडतो, छत्री ते झेलते, गोठ्यातून ते तारेने घराघरात जातं, एवढं मला त्याने समजावलं. मी विचारलं, वरचा तो हलत कसा नाही? माझी शाळा चौथीपर्यंतची, पण प्रश्न सुचतात. जगू म्हणाला, "जत्रेतल्या पाळण्यात समोरासमोर बसलेली दोघं फिरतात, पण एकमेकांना हलताना दिसतात का? तसं." मला पटलं. कोणतीही गोष्ट तो असं घरातलं काहीतरी घेऊन सांगायचा. त्याची बायको सुमन मात्र म्हणायची, "आमच्या ह्यांची एक सवत आहे, ती वर फिरत असते." त्यावर जगू अगदी गंभीरपणे म्हणायचा, "फिरत नाही गं, उभी असते."

एकाच छत्रीवर भागलं असतं तर जगूचं बरं झालं असतं. पण वरच्या कंपन्यांची गिऱ्हाइकं वाढत गेली. चॅनेलवाले आले, बँका आल्या, बोटीवरचे फोन आले. जागा पुरेना, म्हणून त्यांनी एकामागून एक नवे उपग्रह सोडले. प्रत्येकाची वर ठरलेली जागा. चॅनेल जुन्यातून उठून नव्यात राहायला जायचं. जगूला ही बातमी आधी कळायची. घरी मुलगा झाल्यासारखा तोंडभर हसत बांधावर यायचा. "वर नवा आला, वहिनी." मग सांगायचा, वर वसईची एव्हरशाईन सिटी चाललीय. बिल्डिंग उभी राहायच्या आधी खोल्या बुक.

वर नवा आला की खाली नवी छत्री. प्रत्येक छत्रीचं तोंड वेगळ्या दिशेला, आणि त्या दिशेला आभाळ मोकळं पाहिजे. "आभाळ मोकळं पाहिजे" हे जगूचं दुसरं वाक्य, आणि त्याचा अर्थ एकच, माड तोडायचा. आमच्यात फळता माड सहसा तोडत नाहीत. तोडायचाच झाला तर आधी एक रोप लावायचं, मग कुऱ्हाड. जगूने ही रीत कधी मोडली नाही. पण रोपं लावायचा उत्तरेला, छत्र्यांच्या पाठीमागे, जिथे ती मोठी झाली तरी अडचण नको. तिथे हातभर अंतरावर एक अशी दाटी झाली आणि त्यातलं एकही रोप धड वाढलं नाही. मी म्हटलं, "ही काय पेंढ्यासारखी लावलीस?" तो म्हणाला, "लावली ना? झालं."

मधे वसईतल्या मोठ्या केबल कंपनीची माणसं त्याच्याकडे आली होती. त्यांचं म्हणणं, आमच्याकडून तयार सिग्नल तारेने घे, छत्र्या काढून टाक, वाडी वाचेल. सुमनला हे फार आवडलं होतं. जगूने त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. मला म्हणाला, "उष्टा सिग्नल मी कोणाच्या पानात वाढणार नाही. माझ्या आळीला मी वरून घेऊन ताजा देतो." मी म्हटलं, गोठा रिकामा करून विकतचं दूध पितोस, ते कोणाच्या गोठ्यातलं ते तरी विचारतोस का? आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. गोठ्यातली यंत्रं मात्र रोज पुसायचा.

तोवर शहरात केबलचं दिवाळं निघालं होतं. आचोळ्याला माझ्या नणंदेकडे गेले तर प्रत्येक खिडकीला ताटाएवढी छत्री. तिकडचे केबलवाले दुकानं बंद करून बसले होते. आमच्या आळीत तसली एकही नव्हती. जगूला याचा फार अभिमान. "लोकांना माझी सवय आहे," म्हणायचा. "घरच्या माणसाला सोडून कोण जाईल?"

मला खरं कारण ठाऊक होतं. माझा मुलगा प्रकाश नोकरीसाठी विरारला राहतो. त्याने एकदा मला न विचारता त्या छोट्या छत्रीच्या कंपनीचा माणूस पाठवला. तो माणूस गच्चीवर तासभर यंत्र घेऊन फिरला, घामाघूम होऊन खाली आला आणि म्हणाला, "आजी, तुमच्या आळीची सगळी घरं माडांच्या पोटात आहेत. पलीकडच्या वाडीतली रांग आणि तुमचे हे चार नसते तर पाच मिनिटांचं काम होतं." मग तो आळीतल्या प्रत्येक घरी गेला आणि प्रत्येक घरातून तसाच परत आला. म्हणजे लोकांनी त्याला बोलावलं होतं. जगूला मी यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी वर आणखी एक नवा आला. हा पूर्वेला, बराच खाली. आळीत ज्यांच्यावाचून जेवण उतरत नाही ती मालिकांची दोन्ही मराठी चॅनेलं आणि क्रिकेटचं चॅनेल त्याच्यावर जायची होती. दिवाळीच्या आधी जुनं बंद. जगूसाठी ती चॅनेलं गेली म्हणजे धंदा गेला. मधे आड येत होती त्याच्या स्वतःच्या माडांची उरलेली रांग आणि बांधावरचे माझे चार. स्वतःची रांग त्याने एका आठवड्यात तोडली. मग माझ्याकडे आला.

ते चार माड माझ्या सासूने लावले होते, प्रत्येक मुलाच्या जन्माला एक. दुसरा माझ्या गेलेल्या नवऱ्याचा. माडाला नवरा समजून बसणाऱ्यांतली मी नाही. पण चारही फळते होते, आणि समुद्राकडचा वारा तेच अडवायचे. मी म्हटलं, छत्री दुसरीकडे हलव. तो म्हणाला, कुठेही हलवली तरी अडतेच.

"कशावरून?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. उन्हावर ठेवा. उद्या साडेदहाला या."

नवरात्र होतं. त्या दिवसांत काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, म्हणजे सूर्य जिथे तिथेच उपग्रह. जगूने छत्रीचं तोंड आधीच तिकडे वळवून ठेवलं होतं. साडेदहाला मी गेले. माझ्या दुसऱ्या माडाच्या झावळ्यांची सावली छत्रीच्या मधोमध हलत होती. जगूचं दाखवून झालं होतं.

मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात त्या कंपनीच्या माणसाचं बोलणं होतं. माड गेले की आभाळ जगूच्या छत्रीलाच नाही, सगळ्या आळीला मोकळं होणार. मग आळी थांबेल कशाला? हे जगूला कळत नसेल असं मला वाटेना. आभाळ त्याचं, सावल्या त्याच्या, चौथी शिकलेल्या बाईने त्याला काय शिकवायचं? हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं असं की वीज गेली की माझा टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहायचा, पण जगूच्या गोठ्यातली यंत्रं बंद पडायची आणि चित्र जायचं. मला त्याचा कंटाळा आला होता. मलाही ती छोटी छत्री हवी होती. लपवण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, तोड.

जगूने चार रोपं आणली, उत्तरेला लावली, नारळ फोडला. माड तुकड्यातुकड्याने उतरवले. सुमन बांधावर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता आपल्या घरावर कोणाची सावली पडायची?" जगूला ऐकूही गेलं नाही. तो छत्रीच्या दांड्यापाशी गुडघ्यावर बसला होता.

चित्र आलं. जगूने आळीभर पेढे वाटले. महिनाभर त्याची मान ताठ होती. दिवाळी झाली आणि तोच कंपनीचा माणूस परत आला, या वेळी आणखी दोघांना आणि टेम्पोभर खोकी घेऊन. एकेका घरात त्यांना फार वेळ लागला नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत अर्ध्या आळीच्या कौलांवर ताटं चढली होती.

जगूला आधी वाटलं, आपल्याच तारेत दोष असेल. तो घरोघर जाऊन विचारायला लागला, चित्र फाटतं का, आवाज मागे राहतो का. लोक शरमेने म्हणायचे, नाही रे, तुझं चांगलंच होतं. मग हा परत येऊन पुन्हा सगळ्या तारा तपासायचा. खांबावर चढून जोडण्या बदलायचा. ज्यांनी तार काढून टाकली होती त्यांच्या घरापर्यंतची तारही त्याने नवी टाकली. सुमन त्याला जेवायला हाका मारून थकायची. एकदा मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही तरी सांगा ह्यांना." मी म्हटलं, काय सांगू? तिलाही ते माहीत नव्हतं.

चैत्रात वारे सुटले. अडवायला माड नव्हते. एका दुपारी त्याच्या वाडीतली आणि माझ्या वाडीतली केळी घडांसकट आडवी झाली. पानवेल आधीच उन्हाने करपली होती. जगूने आडवी केळी बघितली आणि गोठ्यात निघून गेला.

आळीत त्याची तार शेवटी फक्त माझ्या घरात राहिली. माड मी दिले होते, वर तारही आधी मीच काढायची हे मला जमलं नव्हतं. प्रकाशने तिकडून पैसे भरून छोटी छत्री मागवली. माणूस येऊन ती गच्चीवर अर्धवट ठोकून गेला, उद्या येतो म्हणाला, आणि चार दिवस फिरकला नाही. मी जगूच्या दारात गेले. "माझी तार काढ," म्हटलं, "आणि ती छत्री बसवून दे." लाज वाटली का? वाटली. पण शेजारणीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तो पाना घेऊन आला. मोजायचं यंत्र आणलंच नाही. गच्चीवर उभा राहून त्याने एकदा पूर्वेकडे बघितलं आणि ते ताट हाताने थोडंसं वळवलं, थोडंसं उचललं. एवढंच. मग हात तसाच ठेवून उभा राहिला.

"वहिनी, इथून पूर्वी माडांशिवाय काही दिसायचं नाही."

"नाही."

खाली कोणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता.

"म्हणजे लोक माझ्यासाठी थांबले नव्हते. माडांमुळे अडकले होते."

मी पदराने त्या ताटावरची धूळ पुसायला लागले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. तो कंपनीचा माणूस मला सांगून गेला होता."

"कधी?"

"तू माड मागायच्या आधी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू माड मागितलेस, मी दिले. दुसरं काही विचारलं नाहीस."

हे मी त्याला म्हटलं. खरं ते वर लिहिलं आहे. ते त्याला सांगितलं नाही, आणि त्यानेही पुढे विचारलं नाही. त्याने पाना घेतला आणि छत्रीचे चारही नट आवळले. मग पुन्हा पहिल्यापासून एकेक आवळून बघितला.

"खाली जाऊन बघा, चित्र आलं का."

मी खाली गेले. आलं होतं. त्याच्या तारेवर इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं इतकं स्वच्छ. मी अंगणातून त्याला तसं ओरडून सांगितलं. तो माझ्या घराची तार सोडवून गुंडाळत होता, तिचा गच्चीच्या कठड्यावरून घासत जाणारा आवाज तेवढा येत राहिला.