शेवग्याचा पाला

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर शेजारच्या सुमनताईंचा उजवा हात लुळा पडला. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी बाजूला सारला. ‘‘चेंडू दाबून कुणाचं पोट भरतं?’’ म्हणाल्या.

काल सकाळी पाहिलं, तर त्या अंगणात शेवग्याचा पाला निवडत बसलेल्या. इवलं इवलं पान, तेही त्याच हातानं खुडायचं. निसटलं की पुन्हा धरायचं. सून दोनदा म्हणाली, ‘‘आई, द्या इकडे. मी करते.’’

‘‘नको. आजची भाजी माझ्या हातची.’’

शेवगा औषधी आहे म्हणतात. ते औषध खाण्याआधी, खुडतानाच लागू पडत असावं.

दुपारी अडीचला वाटीभर भाजी आमच्याकडे आली. भाजीत काड्या बऱ्याच होत्या. आम्ही त्या चावून खाल्ल्या.