उचगावच्या आक्कांनी धरलेली माझी नाडी

माझ्या हातून एक बातमी अशी छापली गेली आहे, की तिचं कात्रणसुद्धा मी घरात ठेवलेलं नाही. विषय निघालाच आहे, तर चहा संपेपर्यंत ऐका.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. टेन्शन कोल्हापुरात केव्हाच स्थायिक झालं होतं, डिप्रेशन नुकतंच एसटीतून उतरत होतं. त्यावर उचगावात एक बाई ब्राह्मी, जटामांसी, अश्वगंधा असल्या पुड्या देते, आणि लोक रांग लावतात, अशी खबर आली.

माझं डोकं सणकलं. मन आजारी पडलेल्या माणसाला पाला आणि मुळ्या? संपादकांना म्हटलं, "साहेब, पहिल्या पानावर चार कॉलम राखून ठेवा. हिचं पितळ उघडं पाडतो!"

त्यांनी ठेवले. त्याआधी दोन भोंदूंना मी गाव सोडायला लावलं होतं, माझ्या शब्दाला वजन होतं. तेव्हा होतं.

दुसऱ्या दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळून उचगावात हजर. नाव सांगितलं पाटील, गाव गगनबावडा, धंदा भातशेती. बाई साठीच्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"बसा पावणं. काय हुतंय?"

"तुम्हीच ओळखा की!" मी हात पुढे केला. सापळा हो माझा!

आक्कांनी मनगट धरलं. "झोप न्हाय. दोन-दोन वाजंपर्यंत आढ्याकडं बघत पडतासा."

हे कुणालाही लागू पडतं, मी मनात म्हटलं.

"छातीत धडधडतंय. सकाळी पेपर हातात घेतला की भांडाण सुरू."

"कुणाशी?"

"पेपराशीच की! मग चहा गार झाला म्हणून बायकोशी. बीपीची गोळी चालू हाय. आन् शाहूवाडीच्या थोरल्या भावाशी दोन वर्सं बोलणं न्हाय. आठवण लई येती, पर फोन करत न्हाईसा."

आता सांगा, नाडीत शाहूवाडी कशी दिसेल? मी विज्ञानाचा पदवीधर. पण त्या क्षणी ती पदवी पंचगंगेतून वाहत गेली.

"आक्का, पुडी द्या. दोन द्या!"

"न्हाय देणार. त्या गोळीवर ही मुळी घेतलीसा तर गरगरून पडशीला. आधी मनाचा डॉक्टर गाठा. आन् पावणं, मला हे समदं ठावं हाय कारण..."

"काही सांगू नका आक्का! मला सगळं कळलं!" असं म्हणून मी चक्क पाया पडलो.

तडक कचेरी गाठली आणि चार कॉलम भरले. मथळा, 'मनगट धरताच मनाचा ठाव'. पुरावा म्हणून माझी लक्षणं दिली, अगदी झोपेपासून शाहूवाडीपर्यंत, माझ्या नावानिशी. उपसंपादक म्हणाला, "पण बाईंना कळलं कसं, ते विचारलंत का?" मी त्याच्या अंगावर ओरडलो.

सकाळी बायको पेपर वाचता वाचता पदर तोंडाला लावून बसली.

"हसतेस काय?"

"अहो, गेल्या सोमवारी मीच गेलते की आक्कांकडं! तुमचं ते रात्रभर जागणं बघवंना. पुडी मागितली, तर म्हणाल्या, माणूस बघितल्याबिगर देत न्हाय. मग सगळं सांगून आले."

"पण मला ओळखलं कसं?"

"मी सांगितलंच होतं की. एक दिवस पितळ उघडं पाडायला येतीलच, खिशाला दोन पेनं असतील आणि नाव खोटं सांगतील."

टॉवेल गुंडाळला होता हो, पण पेनं खिशातच होती!

चौथ्या दिवशी कचेरीच्या दारात आवाज. "कुठं हाय त्यो गगनबावड्याचा पाटील?"

आक्का! सगळ्या टेबलांवरची कामं थांबली.

"काय छापलंसा ह्ये? दारात माणसं हात पुढं करून मुक्यानं बसल्यात! काय हुतंय विचारलं तर म्हंत्यात, तुम्हीच ओळखा. एक पोरगी चार दिस जेवली न्हाय, ती बी बोलंना. तिला डॉक्टरकडं धाडायची का पुडी द्यायची, मला कळावं कसं? छापा, आक्काला नाडीतलं काय बी कळत न्हाय म्हणून!"

छापलं. पहिल्या पानावर, चौकटीत. माझ्याच हातानं लिहून.

त्याच आठवड्यात मुकाट्यानं मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. दार लोटलं, या वेळी खरं नाव सांगितलं, खुर्चीवर बसलो. "डॉक्टर, मला झोप..."

"राहू द्या," ते म्हणाले. "झोप, धडधड, सगळं पहिल्या पानावर वाचलंय. फक्त भावाला फोन केलात का, तेवढंच त्यात नव्हतं."