टेकचंदने माफ केलेला अहेर

गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीत रेडिओवर बोलणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्यापायी माझं दुकान बसलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल वाकडं बोलली तर तुम्हाला नवल वाटायला नको. माणसाचं नाव टेकचंद. माझ्या किराणा दुकानाच्या बरोबर समोर राहतो. मी अनुसया, मला सगळे अनुसयाबाईच म्हणतात, तोसुद्धा.

टेकचंद मूळचा नवेगाव बांधचा. बारावी झाला आणि गोंदियात आला, एका पतसंस्थेत पिग्मीवाला म्हणून लागला. रोज दुकानादुकानातून दहा-वीस रुपये गोळा करायचे आणि पासबुकात लिहायचे, एवढंच काम. पण माणसाचा आवाज असा गोड की संस्थेने त्याला पिग्मीसोबत वसुलीवरही घातला. तिथे तर त्याने कमालच केली. तो ओरडायचा नाही, शिवी द्यायचा नाही. थकबाकीवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा, पोरांच्या शाळेची चौकशी करायचा, प्यायला पाणी मागायचा. दुसऱ्या गिलासापर्यंत माणूस स्वतःच आत जाऊन पैसे घेऊन यायचा. बारा वर्षं त्याने लोकांना असं गोड बोलून रडवलं.

मग एका दिवाळीच्या तोंडावर ती पतसंस्थाच बुडाली. अध्यक्ष गायब, शटरला कुलूप. टेकचंदने घराच्या दुसऱ्या मजल्यासाठी जमवलेले बासष्ट हजार त्यातच गेले. आणि लोकांनी पकडली कोणाची कॉलर? ज्याच्या हातात रोज पैसे दिले त्याची. इथे मात्र मी त्याला मानते. मुर्रीतल्या एकोणीस घरांची पिग्मी त्याने तीन वर्षांत खिशातून फेडली. नवेगावचा बापाचा धानाचा तुकडा विकला, पण फेडली. कायद्याने त्याच्यावर काही नव्हतं. शेवटच्या घरचे पैसे दिले त्या दिवशी त्याने माझ्या दुकानात येऊन जाहीर केलं, की यापुढे आपण कोणाचं घेणार नाही आणि कोणाला देणारही नाही. मी म्हटलं, भाऊ, तुमचे तेलाचे एकशेचाळीस बाकी आहेत. त्याने तिथल्या तिथे काढून दिले आणि मोकळा झाला.

असा मोकळा झालेला माणूस गप्प बसेल तर बरं. हा बचत गटांच्या बैठकीत जाऊन बोलू लागला. तिथे गोंदियाच्या एका लहानशा एफएम केंद्राच्या माणसाने त्याला ऐकलं, आणि २०१६ पासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता टेकचंद घराघरात घुसला. कार्यक्रमाचं नाव ‘कर्जाशिवाय’. अर्धी मराठी, अर्धी हिंदी, मधेच पोवारी बोली. मानधन एका वेळचं तीनशे रुपये, आणि तेही केंद्राने तीन-तीन महिने लटकवायचं. म्हणजे उधारी करू नका सांगायचे पैसे त्याला उधारीवर मिळत होते. हे मी त्याला एकदा बोलून दाखवलं, तर पंधरा दिवस माझ्याकडून साखर घेतली नाही.

पण लोक वेडे झाले हो त्याच्यासाठी. फोन यायचे तरी कसले. एकाने विचारलं, सासऱ्याने शेतात बैल फुकट वापरू दिला, हे कर्ज धरायचं का? एकीने विचारलं, शेजारणीकडून वाटीभर विरजण आणलं, ते किती दिवसांत परत करावं? टेकचंद गंभीर आवाजात सांगायचा, ताई, त्याच दिवशी. एका मोटरसायकलच्या शोरूमवाल्याने जाहिरात द्यायची म्हटली, शून्य डाऊन पेमेंट, सोपे हप्ते. टेकचंदने नाही म्हटलं. केंद्राचा मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. तीनशे रुपयेवाला माणूस सायकलवर घरी आला आणि त्या दिवशी फार खुशीत होता.

माझ्या दुकानाचं काय झालं ते ऐका. कार्यक्रम सुरू झाल्यावर चार महिन्यांत माझी सगळी उधारी वसूल झाली. सगळी! मी देवाला नारळ फोडला. आणि त्याच्या पुढच्या महिन्यापासून गिऱ्हाईक दिसेना. मला आधी कळलंच नाही. मग ध्यानात आलं, ज्याची उधारी असायची तो थोडे पैसे द्यायला यायचा, येता येता नवीन सामान न्यायचा, बसायचा, बोलायचा. आता ज्याच्या खिशात नगद आहे तो सरळ गोंदियाच्या बाजारात जातो, तिथे दोन रुपये स्वस्त मिळते. मी टेकचंदला म्हटलं, तुम्ही लोकांचं भलं केलं, माझं काऊन वाटोळं केलं? तो म्हणाला, अनुसयाबाई, ये तो आदत की बात है. डोकं फिरलं माझं.

त्याच्या घरी तरी काय सुख होतं? दुसऱ्या मजल्याचे खांब उभे, त्यातून लोखंडी सळ्या आभाळाकडे तोंड करून आहेत, हातात पूर्ण पैसे आल्याशिवाय पुढे काम नाही. फ्रिज घ्यायला चार उन्हाळे पैसे साठवले, तोवर फ्रिजचा भाव वाढत गेला. बायको शामकला, दिवसभर शिलाई मशीनवर. ती बोलायची नाही. ब्लाऊजचे पैसे घ्यायची आणि त्यातले काही वेगळे ठेवायची. ते कशासाठी, हे टेकचंदला ठाऊक होतं, पण त्याने कधी लक्ष दिलं नाही. बायकांचे किरकोळ व्यवहार, असं तो म्हणायचा.

ते होते अहेराचे पैसे. शामकला चिचगडकडची. आईबाप लहानपणीच गेले, भाऊ नाही, बहीण नाही. केवलराम नावाच्या चुलत्याने वाढवली आणि लग्न करून दिलं. नवऱ्याकडे आल्यापासून पंचवीस वर्षं तिने नात्यातलं, गावातलं, एक लग्न सोडलं नाही. आमच्याकडे लग्नात अहेर द्यायचा तो मांडवातल्या टेबलावर लिहिला जातो, कोणी काय दिलं ते. मग त्याच्या घरच्या लग्नात तेवढा परत करायचा, आणि वर थोडा जास्त. तेवढ्याचा तेवढा परत केला तर लोक नाक मुरडतात. शामकलाने सुरुवातीला अकरा रुपये दिले, मग एक्कावन्न, मग पाचशे, कोणाला लुगडं, कोणाला पितळेचा गुंड, म्हणजे पाणी भरायचा हंडा. केवलरामच्या दोन पोरींच्या लग्नात दोन गुंड आणि वर नगद. घरी स्टीलची घागर, आणि लोकांना पितळेचे गुंड! मी तिला एकदा म्हटलं, बाई, डोकं ठिकाणावर आहे का? तर म्हणाली, आचलच्या लग्नात समदे येतील.

आचल तिची एकुलती पोर. तिचं जमलं तिरोड्याच्या हिमांशूशी, पोरगा चांगला, राइस मिलमध्ये हिशेबाला. टेकचंदने लग्नाचे पैसे आधीच पूर्ण साठवून ठेवले होते, एक रुपया कमी नाही. आणि मग एका शुक्रवारी सकाळी, शामकला माझ्या दुकानात धागा घ्यायला आली असताना, रेडिओवर त्याने जाहीर केलं. माझ्या पोरीच्या लग्नात मी अहेर घेणार नाही. आजपर्यंत आमच्या घरून ज्यांना ज्यांना अहेर गेला, त्या सगळ्यांचा मी तो माफ केला. तुम्ही मोकळे झाले.

मॅनेजरने मागे टाळ्यांची टेप लावली होती.

मी शामकलाकडे पाहिलं. तिने धाग्याची रिळं मोजली, पैसे दिले, आणि गेली. मला इतका राग आला की मी रेडिओच बंद केला. संध्याकाळी तिच्याकडे जाऊन म्हटलं, भांड त्याच्याशी, पंचवीस वर्षं हाडं झिजवली तू. ती म्हणाली, आता बोलून का होते, रेडिओवर सांगून टाकलं. पत्रिकेवर खाली छापूनही आलं, अहेर स्वीकारला जाणार नाही. तिने त्या पत्रिका स्वतः वाटल्या.

लग्न एप्रिलमध्ये, दुपारचं, घरासमोरच. मांडव भरला. पाचशे माणूस आलं असेल. अक्षता पडल्या, पंगत मांडली, आणि काय सांगू तुम्हाला, पंगतीत बसली फक्त पोराकडची माणसं. आमच्याकडचे सगळे मांडवाच्या कडेला, झाडाखाली, रस्त्यावर उभे. बायका पदरात लिफाफे धरून. वाढपी हाका मारून थकले. जिलेबीची परात भरलेली. टेकचंद हात जोडून या माणसाकडून त्या माणसाकडे जात होता आणि प्रत्येकाला रेडिओच्या आवाजात समजावत होता, की आता तुमच्यावर काही नाही, मी माफ केलं आहे, निवांत जेवा. जितका समजावे तितके लोक मागे सरकत.

केवलराम सत्तरी ओलांडलेला, चिचगडहून दोन बस बदलून आलेला. मांडवाच्या बाहेर मातीतच बसला होता, जवळ पोत्यात गुंडाळलेला मोठा गुंड. टेकचंद त्याच्या पाया पडला, म्हणाला, काका, चला जेवायला. म्हातारा उठला नाही.

“माह्या दोन पोरींच्या लग्नात शामकलाचा अहेर आहे,” तो म्हणाला. “तू तो माफ करून राहिला. मले माफ कराले तू कोन? आन् देल्लं नाही तं जेवू कसा? मी का भिकारी आहो का?”

आजूबाजूचे दहा जण तेच बोलू लागले. एक जण तर म्हणाला, सरकारची कर्जमाफी घेतली तेव्हा इतकी लाज नव्हती वाटली. दोन बैलगाड्या आणि एक मॅजिक गाडी परत निघाली. नऊ वर्षं टेकचंद सांगत आला, कोणाचं देणं बाकी ठेवू नका, आणि लोकांनी ते सगळ्यात जास्त ऐकलं नेमकं त्याच्या पोरीच्या मांडवात.

तेवढ्यात शामकला बाहेर आली. मुलीची आई, नवं लुगडं नेसलेली, तिचं काम आत होतं. तिने शिलाईच्या खोलीतून टेबल ओढत आणलं, मी धरू लागली. केवलरामच्या समोर मातीत मांडलं. मग नवऱ्याकडे वळली. मी पंचवीस वर्षांत तिचा आवाज असा ठाम कधी ऐकला नव्हता, आणि तरी तो मोठा नव्हता.

“हे देणं तुमचं नाही,” ती म्हणाली. “माहं आहे. म्या मशीन चालवून देल्लं. माहं तुम्ही कसं माफ केलं?”

तो काहीतरी म्हणायला गेला. तिने थांबवलं.

“मले माय नाही, बाप नाही, भाऊ नाही. माह्या पोरीच्या लग्नात माह्याकडून कोन येनार होतं? हे लोक आले. देणं आहे म्हनून आले. येऊ द्या ना जी.” एवढं बोलून तिला रडू आलं, आणि ती रडतच म्हणाली, “बसा. लिहा.”

मला वाटलं, हा आता तत्त्वाचं काहीतरी बोलणार. माझी चप्पल तयारच होती. पण टेकचंद खुर्ची ओढून बसला. खिशातून पेन काढला. बारा वर्षं पिग्मीची पासबुकं लिहिलेला हात, झरझर चालू लागला. पहिलं नाव केवलरामचं. म्हाताऱ्याने पोतं सोडून गुंड टेबलावर ठेवला, वर दोन हजार एकशे एक रुपये ठेवले, नाव नीट लिहिलं का ते वाकून पाहिलं, आणि मग ताठ चालत जाऊन पंगतीत बसला. त्याच्यामागे रांग लागली. परत निघालेली मॅजिक गाडी कोणीतरी फोन करून वळवली. पंगती चार वाजेपर्यंत उठत होत्या, जिलेबी संपली, शेवटच्यांना नुसता वरणभात वाढला, तरी कोणी कुरकुर केली नाही. दोनशे सतरा नावं झाली. माझंही नाव आहे त्यात, पाचशे एक.

आचल गेली. शामकला दाराशी उभी राहून खूप रडली. मला वाटलं होतं, आता हिला घर खायला उठेल. पण घरात बसायला जागा नव्हती. केवलराम पलंगावर आडवा झालेला, चिचगडच्या बायका भांडी घासताहेत, कोणी म्हणतं उद्या सकाळच्या बसने जातो, कोणी म्हणतं परवा. शामकलाने डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.

टेकचंद ओसरीत हिशेब करत बसला होता. सवय कुठे जाते. शामकलाने पंचवीस वर्षांत दिलेलं, तिलाच विचारून विचारून, एका बाजूला, आज आलेलं दुसऱ्या बाजूला. प्रत्येकाने रिवाजाप्रमाणे वर थोडं जास्त दिलेलं. त्याने दोनदा बेरीज केली, मग मलाच दाखवली, जशी काही मी डॉक्टर आहे. एक्क्याऐंशी हजार वर आले होते. गुंड वेगळे. म्हणजे आता यांच्याच घरावर दोनशे सतरा घरांचं देणं झालं होतं. आयुष्यात कधी हप्त्याने काही न घेतलेला माणूस एका दुपारीत अख्ख्या जिल्ह्याचा देणेकरी झाला. मला हसू आवरेना, मी तोंडात पदर कोंबला.

तो चुलीजवळ गेला आणि अगदी बारीक आवाजात बायकोला म्हणाला, हे फेडायला किती वर्षं लागतील?

शामकला चहा गाळत होती. “फेडाची घाई काऊन करता?” ती म्हणाली. “एकदाचं फिटलं तं आपल्याकडं कोन येईन?”

चहाचे कप घेऊन ती बाहेर गेली. टेकचंद तिच्यामागे ओसरीत आला, पलंगाच्या कडेला टेकला, आणि केवलरामला विचारलं, काका, तुमच्या मोठ्या नातीचं लग्न यंदा करून राहिले ना? कोणत्या तारखेला?

म्हातारा म्हणाला, वीस मेला.

टेकचंदने ते लिहून घेतलं.